वीस रुपयांची तरतरी

इंग्रजीत ‘पेप अप’ नावाचं एक क्रियापद आहे. मरगळलेल्या माणसाला तरतरी आणायची असो, ढेपाळलेल्या संघाला जोम द्यायचा असो की मिळमिळीत रश्शाला जरा चव आणायची असो, ते सगळीकडे चालतं. आपल्याकडे ते ऑफिसच्या मराठीतून शिरलं. तिमाहीचं टार्गेट हुकलं की वरून निरोप येतो, ‘टीमला जरा पेप अप करा.’ मग एक ‘पेप टॉक’ होतो, समोसे येतात, आणि शनिवारीही कामावर यायचं ठरतं. हे क्रियापद आता बाटलीत भरूनही मिळतं. शाळेसमोरच्या टपरीवर, वीस रुपयांना, थंडगार. त्या एनर्जी ड्रिंकच्या बाटलीबद्दल मला भांडायचंय. पण आधी क्रियापदाचं कूळ बघू, कारण पुढचं बरंचसं भांडण त्या कुळातच दडलेलं आहे.

पेप म्हणजे शेपूट छाटलेला ‘पेपर’, अर्थात मिरी. अंगातली धमक या अर्थाने ‘पेपर’ म्हणायची रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच पडली होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याचं आखूड रूप रूढ झालं आणि १९२० च्या दशकात त्याचं क्रियापद झालं. पेपर हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आला, लॅटिनमध्ये ग्रीकमधून, आणि ग्रीकांकडे तो गेला आपल्याकडून. ग्रीक ‘पेपेरी’ म्हणजे संस्कृत ‘पिप्पली’. त्यातल्या ‘ल’चा ‘र’ बहुधा वाटेत इराणी तोंडात झाला. पिप्पली म्हणजे आपली पिंपळी, जी सुंठ आणि मिऱ्याबरोबर त्रिकटूत पडते. काष्ठौषधींच्या दुकानात आजही ‘चौसष्ट प्रहरी पिंपळी’ मागितली की दुकानदार न विचारता बरणी काढतो. चौसष्ट प्रहर, म्हणजे सलग आठ दिवस-रात्र खललेली. काजळासारखी मऊ काळपट पूड, चिमूटभर, मधातून. खोकल्यावर, कफावर.

ग्रीकांनी पिंपळीचं नाव उचललं आणि मग ते खुशाल मिऱ्यालाही लावलं. मिऱ्याचं संस्कृत नाव मरिच. ते तिकडे पोचलंच नाही. यावर आपण हसायचं कारण नाही. पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेची तिखट शेंग इकडे आली, तेव्हा आपणही तिला मिऱ्याचंच नाव दिलं, मिरची. तिखट लागलं की जुनं नाव चिकटवून मोकळं व्हायचं, ही खोड सगळ्यांचीच.

रोमनांना या तिखटाचं वेड लागलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी भाव देतो, लांब मिरी म्हणजे पिंपळी पौंडाला १५ दिनार आणि काळी मिरी ४ दिनार. तो वैतागून विचारतो की हिला ना गोडवा, ना रूप. नुसत्या तिखटपणासाठी लोक हिच्या मागे का लागतात? आणि त्यासाठी थेट भारतापर्यंत का जातात? भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशीही त्याची तक्रार आहे. इ.स. ४०८ मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा उठून जाण्यासाठी मागितलेल्या खंडणीत सोन्या-चांदीबरोबर ३००० पौंड मिरीही होती. जिभेला चटका देणाऱ्या वस्तूसाठी माणूस काय काय मोजतो, याचा हा जुना दाखला.

आता गंमत बघा. ज्या देशाने ही वस्तू जगाला पुरवली, त्या देशाच्या वैद्यकाने तिच्याबद्दल काय लिहून ठेवलं आहे? चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या भागात, पहिल्याच अध्यायात, तीन पदार्थांचा अतिवापर करू नये असं बजावलं आहे: पिप्पली, क्षार आणि लवण. मीठ आणि क्षार समजण्यासारखे आहेत. पण पिंपळी तर औषध, रसायन म्हणून गौरवलेली. चरक तिचे गुण नाकारत नाही. ती ‘आपातभद्र’ आहे, म्हणतो. वरवर बघता, लागलीच बघता भली. अति वापरली की मात्र दोष साचत जातात. मला हा शब्द फार आवडतो. पेप या गोष्टीचा एवढा नेमका पंचनामा इंग्रजी शब्दकोशांनीही केलेला नाही.

अमेरिकेत हे क्रियापद रुळलं तो काळ सेल्समनचा, कॉलेजच्या फुटबॉलचा आणि कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याचा. माणूस स्वतःला क्वचितच पेप अप करतो. बहुतेक वेळा त्याला दुसरं कुणीतरी करत असतं. प्रशिक्षक खेळाडूंना, मॅनेजर विक्रेत्यांना, सेनापती सैनिकांना. आधी ते बोलून करत. मग गोळ्या आल्या. अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक द्रव्याच्या ‘बेन्झेड्रीन’ गोळ्यांना १९३० च्या दशकात अमेरिकी लोकांनी नाव दिलं ‘पेप पिल’. जर्मनीत १९३८ मध्ये मेथॅम्फेटामिन ‘पेर्व्हिटिन’ या नावाने औषधाच्या दुकानात बिनचिठ्ठी मिळू लागलं. १९४० च्या एप्रिल ते जुलै या काळात, फ्रान्सवरच्या चढाईच्या सुमारास, जर्मन सैन्याला अशा साडेतीन कोटी गोळ्या पुरवल्या गेल्या. दोस्त राष्ट्रांचे वैमानिकही बेन्झेड्रीन घेतच होते. यात कुणी सोवळं नव्हतं. जपानने तर आपल्या गोळीचं नाव ठेवलं ‘फिलोपॉन’, ग्रीक शब्दावरून. अर्थ, श्रमाची आवड असलेला. ही गोळी घेतली की श्रम आवडू लागतात. मालकाला याहून गोड नाव सुचणार नाही. युद्ध संपल्यावर तिचे साठे बाजारात फुटले, व्यसनाची लाट आली आणि १९५१ मध्ये जपानला उत्तेजक द्रव्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अमेरिकेने अ‍ॅम्फेटामिनला कडक नियंत्रणाखाली आणलं ते १९७१ मध्ये. तोवर परीक्षेचे विद्यार्थी, ट्रकचालक, वजन कमी करू पाहणाऱ्या गृहिणी, सगळ्यांचं खाऊन झालं होतं.

गोळी गेली, गरज राहिली. १९६२ मध्ये जपानमधल्या तैशो कंपनीने टॉरिन नावाचं अमिनो आम्ल घातलेलं ‘लिपोव्हिटान डी’ हे पेय काढलं; छोटी तपकिरी बाटली, औषधासारखी. १९८० च्या दशकाअखेरीस तिथल्याच दुसऱ्या एका पेयाच्या जाहिरातीत सूट घातलेला नोकरदार विचारायचा, ‘चोवीस तास लढू शकाल का?’ आणि त्याच दशकात त्याच देशात ‘कारोशी’ हा शब्द घरोघरी झाला. अतिकामाने आलेला मृत्यू. थायलंडमध्ये १९७० च्या दशकात ‘क्रातिंग डेंग’ निघालं, ट्रकचालक आणि मजुरांसाठी. एका ऑस्ट्रियन माणसाला ते भावलं. त्याने थाई मालकाशी भागीदारी केली, पेयात बुडबुडे घातले, कडेला मोटारशर्यती आणि डोंगरावरून उड्या लावल्या आणि १९८७ मध्ये ते ‘रेड बुल’ म्हणून युरोपात आणलं. मजुराचं पेय साहसवीराचं झालं. आपल्याकडे अशी पेयं आधी मॉलमध्ये, शंभर-सव्वाशे रुपयांच्या डब्यात होती. गेल्या काही वर्षांत वीस रुपयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि ती पुन्हा मजुरापर्यंत पोचली. वाटेत त्यांनी शाळकरी पोरांनाही गाठलं.

तर, बाटलीत असतं काय? साखर, पाणी, बुडबुडे, थोडी बी जीवनसत्त्वं, टॉरिन आणि कॅफिन. काम करतं ते मुख्यतः कॅफिन. आपण जागे असतो तसतसा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा रेणू साचत जातो. तो आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसला की आपल्याला शीण जाणवतो, डोळे जड होतात. कॅफिनची घडण त्याच्यासारखीच, म्हणून ते आधी जाऊन त्या जागा अडवतं. अ‍ॅडेनोसिन साचायचं थांबत नाही. त्याचा निरोप तेवढा पोचत नाही. शरीर दमलेलंच असतं. साधारण पाच तासांनी रक्तातलं कॅफिन निम्म्यावर येतं. म्हणजे संध्याकाळी सातला प्यालेल्या बाटलीचा निम्मा ऐवज रात्री बारालाही अंगात असतो. पोराला झोप लागत नाही, सकाळी ते पेंगतं, आणि पेंग घालवायला पुन्हा बाटली. चरकाचा ‘आपातभद्र’ इथे चपखल बसतो.

आणि याला आपण म्हणतो एनर्जी ड्रिंक. २५० मिलीच्या नेहमीच्या डब्यात २७ ग्रॅम साखर धरली, तर त्यातून १०८ किलोकॅलरी मिळतात. शब्दाच्या खऱ्या अर्थाने ऊर्जा तेवढीच. दोन केळ्यांत याहून जास्त असते. त्यावर कळस म्हणजे ‘शुगरफ्री एनर्जी ड्रिंक’. मागच्या कोष्टकात ऊर्जा जवळजवळ शून्य, पुढे ठळक अक्षरांत ‘एनर्जी’. दुधात पाणी घालून विकलं तर अन्न व औषध प्रशासनाचा माणूस नमुना घेऊन जातो. इथे शून्याला ऊर्जा म्हणून विकलं तरी कुणाचं काही म्हणणं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं की दुधाच्या, धान्याच्या, माल्टच्या पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ किंवा ‘एनर्जी ड्रिंक’ या सदरात ठेवू नका, कारण हेल्थ ड्रिंक अशी व्याख्या कायद्यात नाहीच. चांगलं केलं. पण त्याच सूचनेत ‘एनर्जी ड्रिंक’ हे नाव चव घातलेल्या पाण्याच्या पेयांसाठी शाबूत राहिलं. नियमावलीत या मालाचं सरळ नाव आहेच, ‘कॅफिनयुक्त पेय’. लिटरमागे किमान १४५ आणि कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफिन, अशी मर्यादाही आहे. मग बाटलीच्या दर्शनी भागावर तेच नाव मोठ्या अक्षरांत का नको? ‘एनर्जी’ हा शब्द काढायला लावा, एवढी माझी पहिली मागणी आहे. खर्च शून्य.

बाटलीवर इशारा असतो, हे खरं. मुलं, गरोदर आणि स्तनदा माता, कॅफिन न सोसणारे यांच्यासाठी योग्य नाही. दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको. एकदा बाटली हातात घेऊन तो इशारा वाचून बघा. गोलाईवर, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या इंग्रजीत, घाम आलेल्या प्लास्टिकवर. तो वाचण्याइतकी नजर आणि इंग्रजी असलेला माणूस बहुधा ती बाटली घेणारच नाही. पाचवीतल्या पोराला लाल रंग दिसतो आणि क्रिकेटवाला किंवा सिनेमावाला दिसतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी कॅफिनची सुरक्षित मात्रा सुचवली, ती दिवसाला वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम. आपल्या नियमाप्रमाणे २५० मिलीच्या बाटलीत कमाल ७५ मिलिग्रॅम असू शकतं. म्हणजे २५ किलोच्या मुलाचा, साधारण तिसरी-चौथीतल्या मुलाचा, दिवसाचा कोटा एका बाटलीत संपला. घरचा चहा, चॉकलेट वेगळं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगितलं आहे की मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात या पेयांना जागाच नाही.

इथे नेहमीचा प्रश्न येतो, आणि तो योग्य आहे: चहा-कॉफीत कॅफिन नसतं का? असतं. कडक कॉफीच्या कपात या बाटलीइतकंच, कधी जास्तही. शिवाय चहाला आपण आपला समजतो, पण तोही असाच शिकवला गेला. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून प्रचाराचा पैसा उभा केला गेला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी, कारखान्यांत कामगारांना चहाची सुट्टी द्या असा चहा-मळेवाल्यांनी प्रसार केला. म्हणजे आपली कटिंगही एके काळची पेप-अप मोहीमच आहे. फरक आहे तो पिण्याच्या पद्धतीत. चहा गरम असतो, फुंकून फुंकून प्यावा लागतो, कॉफी कडू असते. कडूपणाच मुलांना अडवतो. थंड, गोड, आंबट पेय दोन दमात घशाखाली जातं. आणि चहाचा कप कुणाला सुपरहीरो करण्याचं आश्वासन देत नाही. चहाबद्दल आईबापांना माहीत असतं की हा चहा आहे. या बाटलीबद्दल त्यांना वाटतं की हे सरबत आहे, वर ताकद देणारं.

आता सरकारचं दुटप्पी धोरण पाहा. जीएसटीमध्ये कॅफिनयुक्त पेयांवर आधी २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर होता. सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के. हा वर्ग कुणाचा? पानमसाला, सिगारेट यांच्या पंगतीचा. तिजोरीच्या दृष्टीने हे पापाचं पेय आहे. काउंटरवर मात्र ते बिस्किटाच्या पुड्याशेजारी, पोराच्या हाताला येईल अशा उंचीवर. पाप आहे म्हणून कर घ्यायचा आणि पाप करणाऱ्याचं वयही विचारायचं नाही, याला धोरण म्हणत नाहीत.

जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं की शाळांपासून ५०० मीटरच्या आत या पेयांची विक्री बंद करू. हेतू चांगला. पण मीटरच्या हिशोबावर माझा फारसा विश्वास नाही. तंबाखूसाठी शंभर यार्डांचा नियम दोन दशकं जुना आहे. कुठल्याही शाळेच्या फाटकात उभे राहा आणि टपऱ्या मोजा. गुटखा तर २०१२ पासून राज्यात बंदच आहे, आणि तो कुठे मिळतो हे कुणालाही विचारा. दाट वस्तीत ५०० मीटर म्हणजे अख्खं गाव शाळेच्या कक्षेत येतं. तेव्हा टपरीवाला हप्ता देतो आणि धंदा चालू ठेवतो. अंतराची बंदी ही हप्त्याची नवी खिडकी असते.

त्यापेक्षा वयाची अट साधी आहे. लिथुआनियाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद केली. लात्वियाने २०१६ मध्ये. पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून, आणि शंका आली तर दुकानदाराला ओळखपत्र मागायचा अधिकार दिला. आपल्याकडे ओळखपत्र कोण मागणार, असं कुणी म्हणेल. शंभर टक्के कुणीच नाही मागणार. पण कायद्यात वय आलं की दोन गोष्टी आपोआप बदलतात. कंपनीला शाळकरी चेहरे घेऊन जाहिरात करता येत नाही, आणि शिक्षकाला, आईला, शेजारच्या काकांना टपरीवाल्याला टोकायला आधार मिळतो. ‘अहो, पोराला काय देताय’ या वाक्याला आज कायद्याचं बळ नाही. टपरीवाला सरळ म्हणतो, ‘सगळीकडे मिळतं, बंद कुठंय?’ वीस रुपयांच्या बाटल्या बंद करून किमान किंमत ठरवा, असंही काही जण सुचवतात. त्याला माझा विरोध आहे. त्याने फक्त गरिबाची बाटली जाईल, श्रीमंत पोराचा डबा राहील.

मोठ्या माणसाचं काय? त्याने काय प्यावं हे सरकारने ठरवू नये, हे मला मान्य आहे. पण तो का पितो, हे विचारायला हरकत नाही. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकेत रात्री अकराला गेलात तर टेबलावर पंचायत राज, भूगोल आणि लाल बाटली एका ओळीत दिसतात. जागा थोड्या आणि अर्ज ढिगाने. झोप ही त्या मुलांना चैन वाटते. डिलिव्हरीवाला पोरगा रात्री एकला पेट्रोलपंपावर तीच घेतो, कारण पुढच्या दोन ऑर्डरींवर त्याचा इन्सेंटिव्ह अडलेला असतो. वरचे लोक आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणतात, कुणी नव्वद म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांत दहापर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेच राहतील, ओव्हरटाइम मिळेल, असं सांगितलं गेलं. सांगितलं जातंच. बारा तास उभं राहणाऱ्या माणसाने अकराव्या तासाला काय प्यावं, याचं उत्तर बाजाराने आधीच फ्रिजमध्ये ठेवलं आहे.

सगळ्यात काळजीचा गिऱ्हाईक आहे रात्रीचा चालक. त्याला बाटलीने थोडा वेळ तरतरी येते आणि ती उतरते तेव्हा तो ऐंशीच्या वेगात असतो. झोप पूर्ण न झालेल्या माणसाला कॅफिन जागं ठेवू शकतं, सावध ठेवेलच असं नाही. काही सेकंदांची डुलकी त्याच्या नकळत लागते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर चालकांच्या झोपेची चर्चा दर मोठ्या अपघातानंतर होते आणि पंधरा दिवसांत विरते. मोटार परिवहन कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१ पासून कायद्यात लिहिलेली आहे. ती पाळायची तर मालकाला दुसरा चालक ठेवावा लागतो, आणि चालकाला आडवं व्हायला जागा लागते. टोलनाक्यावर गाडीच्या खिडकीशी हीच बाटली विकायला घेऊन येणारी पोरं दिसतात; चालकाला दोन तास झोपता येईल अशी खोली मात्र मैलोन्मैल दिसत नाही. या बाटलीवरच्या ४० टक्क्यांतून राज्याच्या वाट्याला जे येतं, त्यातला एक हिस्सा अशा खोल्यांसाठी बाजूला काढावा. खाट, पंखा, पाणी, स्वच्छतागृह आणि गाडीतला माल चोरीला जाणार नाही एवढी राखण. अर्थसंकल्पात यासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडायला काहीच अडचण नाही.